टाकोवर पडलेली मूठ

आमच्या घरात जेवण सुरू झालं की गल्लीला कळतं. ताटात कडक भाकरी, तिच्यावर ह्यांची मूठ. धाड्! एकच ठोका आणि भाकरीचे तुकडे. मग ते तुकडे बोटांनी आणखी चुरायचे, वरून गरम आमटी ओतायची, कडेला शेंगाची चटणी आणि कांदा घ्यायचा, आणि भाकरी मुरेपर्यंत जरा गप्प बसायचं. कडक भाकरी दातानं तोडणारा माणूस सोलापूरचा नाही, हे आम्ही लांबूनच ओळखतो.

ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. भाकरी ज्वारीचीच, पण पापडाएवढी पातळ, आणि मंद आचेवर भाजून भाजून पार खडखडीत केलेली. डब्यात ठेवली तर महिनाभर टिकते. माझ्या हातची दीड महिना टिकते. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण बाकी कुणी सांगत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले तेव्हाची गंमत. नाशिककडचं जोडपं, नुकतंच लग्न झालेलं. पहिल्याच आठवड्यात दुपारी तो पोरगा धाडधाड जिना उतरून आमच्या दारात. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची. "काकू, काही मदत हवीय का?" म्हणाला. माझ्या मागं हे मांडी घालून भाकरी चुरत बसलेले. त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, काका रोज दोन्ही वेळेला काकूंना मारतात. मी इतकी हसले की मला उचकी लागली. "बसा," म्हटलं, "तुम्हालाही मारायला शिकवते." तो बसला, शिकला, आणि बायकोलाही शिकवलं.

पण त्या मुठीचा एक कायदा होता, तो त्याला मी तेव्हा सांगितला नाही. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेला. रागावलेल्या माणसानं भाकरीवर मूठ मारायची नाही. राग आला असेल तर मऊ खा, दूध पी, नाहीतर उपाशी झोप, पण भाकरीला हात लावू नकोस. अन्नावर राग काढला की ते अंगी लागत नाही, असं त्या म्हणायच्या. ह्यांनी तो नियम आयुष्यभर पाळला. विजेच्या खांबावरून पडता पडता वाचले त्या दिवशी मूठ वाजली, निवृत्त झाले त्या दिवशी वाजली, आणि माझ्याशी भांडण झालं की मात्र ताटात चपाती आणि दूध. मला विचारावं लागायचं नाही. भाकरीचा आवाज आला की मी ओळखायचे, मिटलं.

आणि मग गेल्या वर्षी तो आवाज बंद पडला. एक-दोन दिवस नाही, सात महिने.

झालं असं. आमची एकुलती एक लेक पुण्यात कंपनीत होती, कॉम्प्युटरचं शिकलेली. चांगला पगार, गळ्यात पट्टा, सगळं. तिथं कुणीतरी तिला टाको खायला नेलं. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन. "आई, अगं कडक भाकरीला घडी घालून देतात! आत उसळ, वर कांदा! आणि लोक रांग लावतात गं!" मी म्हटलं, बरं बरं, जेवलीस ना पोटभर. मला काय ठाऊक पोरीच्या डोक्यात किडा शिरलाय. दोन वर्षं तो किडा आत वळवळला. मग एका रविवारी ती घरी आली आणि आम्ही तिघं जेवायला बसलो असताना बोलली, "अप्पा, मी नोकरी सोडलीय. आपल्या पुढच्या खोलीत टाकोचं रेस्टॉरंट काढणार आहे."

"म्हंजे काय?" ह्यांनी विचारलं. तोवर बरे होते.

इथं पोरीनं माती खाल्ली. अप्पांना आवडावं म्हणून ती म्हणाली, "म्हणजे आपली कडक भाकरीच की अप्पा. मी भाकऱ्या करणार आणि विकणार."

मूठ वर उचललेली होती. ती हळूच खाली आली आणि ताटाच्या कडेला उघडली.

आता ह्यांच्या आईचं सांगायला हवं. मैंदर्गीकडचं घर त्यांचं, घरात कानडी. सासरे लवकर गेले, तशा सासूबाई दोन लेकरं घेऊन सोलापुरात आल्या आणि एका खाणावळीत भाकऱ्या थापायला लागल्या. गिरणीतले लोक पाळीवर जाण्याआधी जेवायचे, म्हणून पहाटेपासून तव्यापुढं. चूल दुसऱ्याची, पीठ दुसऱ्याचं, तवा दुसऱ्याचा. त्यांची बोटं टोकाला इतकी भाजून निघाली होती की म्हातारपणी त्यांना गरम-गार कळायचं नाही. सुईत दोरा ओवता यायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचे सगळे टाके मीच घालायचे. मोठी लेक, म्हणजे माझ्या वन्स, चौथीतून शाळा सोडून आईशेजारी पीठ मळायला बसल्या, आणि हे मात्र शिकले. आयटीआय केलं, वीजखात्यात वायरमन झाले, तीस वर्षं खांबावर चढले. माझ्या घरात परत कुणी पोटासाठी भाकरी थापणार नाही, ही त्यांची शपथ होती. कधी बोलून दाखवली नाही, पण मला ठाऊक होती.

"माज्या आईनं जल्मभर थापल्या," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "म्हणून मी खांबावर चढलो. तुला इंजिनेर केलं ते भाकऱ्या थापायला व्हय?"

"अप्पा, पण ते वेगळं होतं..."

"काय येगळं? तवा त्योच. हात त्येच." आणि ते उठले. "त्या दुकानाची पायरी मी चढणार न्हाय. सांगून ठेवतो."

ताटात भाकरी तशीच अख्खी. मला दोघांचाही राग आला. पोरीचा, कारण तिनं मला आधी विचारलं असतं तर मी तिला 'भाकरी' हा शब्द तोंडातून काढू दिला नसता. ह्यांचा, कारण आईच्या दुःखाचं ओझं लेकीच्या डोक्यावर ठेवायचा ह्यांना काय अधिकार? मी आत गेले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि लेकीच्या हातात दिली. "हे घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर करून दिलंय," ह्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पुढची खोली माझी. घे, उघड."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, घर माझं आहे हे मी पहिल्यांदा बोलले. हे माझ्याकडं बघतच राहिले. मला आतून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी पुढचं दार सोडलं. पुढून जायचं तर दुकानापुढून जावं लागणार, म्हणून मागच्या बोळातून ये-जा. तिथं गटार, तिथं कुत्री, पांढरा पायजमा दोन बोटांनी वर धरून हे उड्या मारत चाललेत. म्हटलं जा, घाला गोंधळ. जेवायला दोन चपात्या, वाटीभर दूध, की उठले. लेकीशी बोलणं नाही. ती समोर बसलेली असताना मला म्हणायचे, "तिला सांग, पाण्याची मोटार बंद कर म्हणावं." मी म्हणायचे, "ती काय बहिरी आहे का?" तरी नाहीच. पोरगी गुपचूप उठून मोटार बंद करायची.

मला त्या चपात्या लाटायचा वीट आला. सोलापूरच्या बाईनं सात महिने बिनआवाजाचं जेवायचं म्हणजे काय असतं, ते मलाच माहीत. घर मुकं झालं होतं.

तिकडं दुकानाचंही काही धड चालेना. पोरीनं आधी पुण्याहून मक्याचे तयार टाको मागवले, पुड्यात बांधलेले. निम्मे वाटेतच फुटून आले. जे धड होते ते खाऊन गल्लीतली माणसं म्हणायची, "पापडात मटकी घातलीय की." एकदा आली ती दुसऱ्यांदा येईनात. एक दिवस ती न्हाणीघरात नळ सोडून किती तरी वेळ बसली. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं पोरींना वाटतं. आयांनीही तेच केलेलं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

मी दारावर थाप मारली. "बाहेर ये. आणि ज्वारीची कर."

"ज्वारी वाकत नाही आई. घडी घातली की मोडते. मी करून बघितलंय."

"कोमट पाण्यात मळलीस ना? मोडणारच. पाणी उकळतं घाल, झाकून ठेव, मग तळव्यानं चांगली रगड. निम्मी भाज आणि गरम असतानाच वाकव. गार झाली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

एवढंच सांगितलं, तव्याला हात लावला नाही. तिचं तिला जमू दे म्हटलं. पहिल्या दिवशी सगळ्या मोडल्या. त्या आम्ही दोघींनी ताकात चुरून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी चार टिकल्या. पण वाकवून त्या वाळवायच्या कशावर, तो प्रश्न होताच. मग ती माळ्यावर चढली. घराचं वायरिंग ह्यांनी स्वतः केलं होतं, त्यातल्या उरलेल्या स्टीलच्या नळ्या एका पोत्यात होत्या. तिनं त्या घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, आणि भट्टीत आडव्या बसवल्या. निम्मी भाजलेली भाकरी नळीवर टाकायची, दोन्ही बाजू खाली लोंबतात, आणि तशीच ती खडखडीत होते. काढली की टाको तयार. आत मोड आलेली मटकी, दही, कांदा, कोथिंबीर, आणि वर आपली शेंगाची चटणी. पहिला टाको तिनं माझ्या हातात दिला. मी खाल्ला. तोंडही भरलं आणि डोळेही. पोरीनं जिंकलं होतं. ज्वारी वाकवली होती की तिनं!

महिन्याभरात तिच्या सहा टेबलांवर जागा मिळेना झाली. कॉलेजची पोरं, समोरच्या दवाखान्यातल्या बायका, शनिवार-रविवार लांबून येणारी कुटुंबं. बाहेर पायऱ्यांवर बसून लोक वाट बघायचे. आणि ह्या सगळ्या गर्दीच्या मागच्या बाजूनं, गटारावरून उडी मारत, माझा नवरा घरात शिरायचा. लेकीला सगळं मिळालं होतं. रोज संध्याकाळी दुकान आवरताना ती मला एकच विचारायची. "आई, अप्पा आज काय जेवले?"

"चपाती-दूध," मी म्हणायचे. मग ती परत टेबलं पुसायला लागायची.

अशात वन्स आल्या. चष्म्याचा नंबर बदलायचा होता म्हणून गावाहून एसटीनं आल्या, आणि पुढच्या दारानं आल्या, त्यामुळं सगळं बघतच आल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, तोंडात मोजके दात, पण जीभ शाबूत. ह्यांना त्या अजून 'तम्मा' म्हणतात, कानडीत धाकटा भाऊ. साठीतला तम्मा त्यांच्यापुढं मान वर करत नाही.

"तम्मा, तुज्या पोरीनं घडीच्या भाकरीचं हाटेल काढलंय म्हणं. लई गर्दी हाय की. आज आपुन तितंच जेवायचं."

"तितं नको आक्का. घरी जेव."

"का? शिळं असतंय व्हय?"

"शिळं कशाला असंल?" हे एकदम उसळले. "ताजं असतंय सगळं."

मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावला. ह्यांना कसं ठाऊक ताजं असतं ते?

"मग बिल लावती का काय आत्याला?"

"न्हाय गं."

"मग चल की. मला गुडघ्यानं चढवंना, हात धर." आणि हात पुढं करून त्या उभ्याच राहिल्या. पायरी न चढायच्या शपथेची गोष्ट बहिणीला सांगायची ह्यांची छाती झाली नाही.

संध्याकाळचे सात वाजले असतील. आम्ही तिघं पुढून निघालो. सात महिन्यांनी हे पुढच्या अंगणात आले. दुकानाला पायरी एकच आहे, वीतभर उंच. तिच्यापाशी आले आणि थांबले. वन्सनी एक पाय वर ठेवलेला, सगळा भार भावाच्या हातावर.

"तम्मा, हात सोडलास तर मी पडंन बघ."

हात सुटेना आणि पाय उचलेना. मी मागं उभी राहून मनात म्हणत होते, चढा हो, चढा एकदाचं. आणि चढले. बहिणीच्या मागोमाग, जमिनीकडं बघत, वीतभर पायरी चढायला माझ्या नवऱ्याला सात महिने आणि एक बहीण लागली.

आत सगळी टेबलं भरलेली. वरचे भाडेकरू नवराबायको कोपऱ्यात जेवत होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि लगेच आपल्या ताटल्या उचलून भिंतीकडच्या फळीवर गेले. आम्हाला बसायला जागा झाली. लेक आतून बाहेर आली, हात पुसत. तिनं अप्पांना बघितलं आणि तिचा हात पुसायचा थांबला. हे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

वन्सनी मात्र चष्मा नाकावर चढवून सगळं दुकान डोळ्यांखालून घातलं. "ही चूल कुणाची गं?"

"माझी, आत्या."

"तवा?"

"माझाच."

"आन् ही मान्सं? कुणाकडं आल्यात?"

"माझ्याकडं."

"ऐकलास?" वन्स भावाला म्हणाल्या. बस्स, एवढंच. हे घड्याळाकडंच बघत राहिले.

लेकीनं तीन ताटल्या स्वतः आणल्या. प्रत्येकीत दोन दोन टाको, उभे. ठेवताना एक ताटली टेबलावर खडखडली. "आत्या, असा आडवा धरायचा आणि कडेनं चावायचा," एवढं कसंबसं सांगून ती भट्टीपाशी गेली, पण दारात उभी राहून बघत होती हे मला दिसत होतं.

"चावायचा? कशानं?" वन्सनी दात दाखवले. "आन् ह्याला झाकण कुटं हाय? सगळं उघडंच ठिवलंय."

ह्यांनी टाको उचलला, नाकाजवळ नेला. भाजक्या ज्वारीचा वास घेतला. मग कडेचा एक कपटा मोडून जिभेवर ठेवला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "पीठ कुटलं?"

"मालदांडी ज्वारीचं. आपण घरात वापरतो तेच."

"भाकरी तुजी?"

"मी हातही लावला नाही," मी म्हटलं. "देवाशपथ. तिची आहे."

मग त्यांनी चमचा घेतला. आतली मटकी, कांदा, दही, सगळं नीट बाजूला काढलं. रिकामी घडी ताटलीत आडवी केली. मला कळलं. मी वन्सचा हात धरला.

धाड्!

ताटली उडाली, चमचा खाली पडला, आणि सगळं दुकान गार. कॉलेजच्या पोरी घास हातात धरून बघायला लागल्या. पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ, हापिसची बॅग मांडीवर घेतलेले, उठून उभे राहिले. "अहो काका, आवडलं नसेल तर नीट सांगा ना. पोरगी एवढी राबते, आदळआपट कशाला करता?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात फळीवरून आवाज आला. आमचा वरचा नाशिककर, तोंडात घास तसाच. "बसा हो साहेब, काही झालेलं नाही. ते जेवायलेत."

मी दाराकडं बघितलं. लेक हातात चिमटा धरून उभी. सगळे ग्राहक घाबरून तिच्याकडं बघत होते आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या सगळ्या दुकानात त्या आवाजाचा अर्थ तिला, मला आणि वन्सनाच पुरता कळला होता. रागावलेला माणूस भाकरीवर मूठ मारत नाही.

हे मान खाली घालून चुरा करत होते. तसेच, मान वर न करता म्हणाले, "आमटी हाय का न्हाय तुज्या हाटेलात?"

सात महिन्यांनी लेकीला उद्देशून पहिलं वाक्य.

"आहे अप्पा! आहे, आणते!" ती म्हणाली. कुठली आहे? मेनूत आमटीचं नावही नव्हतं. पण ती आत धावली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. सकाळी मीच तिला जेवायला दिलेला. गर्दीत तिनं तो उघडलाही नव्हता. आमटी तव्यावरच्या भांड्यात गरम करून तिनं स्वतः ओतली, अप्पांच्या चुऱ्यावर. हे थांबले. मुरू दिली. मग पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं अशी बघत होते की जणू तवा माझाच होता.

मग त्यांनी दुसरा टाको आडवा केला. धाड्! वन्सनी आपली मूठ उगारली. "सरक, मलाबी मारू दे." धाड्! त्यांची मूठ अजून सासूबाईंसारखी बसते. नाशिककर बायको फळीवरून म्हणाली, "आम्हाला पण," आणि तिचीही पडली. मग कॉलेजच्या पोरींना दम निघेना. "दीदी, आम्हाला पण आमटी!" आणि दुकानभर धाडधाड सुरू झालं, हसणं, चमच्यांचे आवाज, ज्वारीचे कण उडतायत. ते बॅगवाले गृहस्थ इकडं तिकडं बघत होते. शेवटी त्यांनी बॅग खाली ठेवली, बाही वर केली आणि अशी मूठ मारली की मटकी त्यांच्या शर्टावर. मी घरात पळाले आणि आमटीचं अख्खं पातेलं घेऊन आले, माझ्या पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत. एवढा अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

आता त्या दुकानाच्या पाटीवर टाकोबरोबर वाटीभर आमटी मिळते असं लिहिलेलं आहे. पण त्या संध्याकाळी अजून जे राहिलं होतं ते सांगते.

ताटली चाटूनपुसून झाल्यावर ह्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "छलो आगेद." कानडीत 'छान झालंय'. सासूबाईंचा शब्द. त्या गेल्यापासून मी तो ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. वन्सनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

मग हे उठले आणि भट्टीपाशी गेले. आत वाकून बघितलं. "ह्या नळ्या माज्या."

"हो अप्पा. माळ्यावरच्या."

"इचारलं न्हाईस."

"तुम्ही बोलत नव्हता."

ह्यांनी भट्टीतून मान बाहेर काढली. म्हणाले, "बोटं बघू."

लेकीनं दोन्ही हात पुढं केले. ह्यांनी एकेक बोट धरून दिव्याखाली नेलं, दाबून बघितलं. एका बोटावर भाजल्याचा डाग होता, मसुराएवढा. बाकी सगळी धड. त्या डागावर ह्यांनी अंगठा ठेवला. "लागतंय?"

"लागतंय की," ती म्हणाली.

"लागतंय," हे माझ्याकडं वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "हिला लागतंय गं." त्यांच्या आईच्या बोटांना काहीच लागायचं नाही, चटकासुद्धा. ते ह्यांना, मला आणि वन्सना, आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

डोळे पुसले, आणि मग हे एकदम नेहमीसारखे खेकसले. "ह्यो डबा सकाळपासून भरलेलाच व्हता. म्हंजे तू जेवली न्हाईस?"

"गर्दी होती अप्पा."

"गर्दीला घाल चुलीत. बस हितं." तिला खांद्याला धरून आणली आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवली. सगळं दुकान बघतंय. भट्टीतून, चिमटा न घेता, हातानं एक टाको काढला, हाय हाय करत बोटं झटकली, आणि तिच्यापुढं ताटलीत आडवा ठेवला. पातेल्यातली उरलीसुरली आमटी वाटीत ओतली. मग तिची ती पाच बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ वळून दिली.

"मार."

तिनं मारली.

तो आवाज मागच्या बोळातल्या गटारापर्यंत गेला असेल. तिथून परत कधी कुणी आमच्या घरात आलं नाही.